पाचांपैकी चार कंद

प्रिय ताई,

'प्रिय' लिहिल्यावर मी पेन खाली ठेवलं आणि तो शब्द आज खरा आहे का, हे स्वतःला विचारलं. आहे. पण पुढचं वाचताना तुला तसं वाटणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो. मी तुझ्यावर चिडलो आहे. फोनवर मला नीट चिडता येत नाही, हे तुला माहीत आहे. माझी दोन वाक्यं होईपर्यंत तुझी सात होतात आणि शेवटी मीच 'बरं बरं' म्हणून फोन ठेवतो. म्हणून हा कागद. कागदावर तरी तुला मधे बोलता येणार नाही.

कमळाचे कंद कुजलेले नाहीत. सगळ्यात आधी हे. पाचांपैकी चार जिवंत आहेत. न्हाणीघराच्या खिडकीखाली चार टबांत पाण्याखाली बसलेत, आणि आज सकाळी मोजली तेव्हा चौघांची मिळून सतरा पानं झाली होती. त्यांतली सहा वर येऊन पाण्यावर पसरलीत, बाकीची अजून गुंडाळीत आहेत, तांबूस, विडीसारखी. पाचवा कुजला, तो मी तीन आठवड्यांपूर्वी काढून टाकला आणि तसं तुला कळवलं. 'एकाला वास येतोय, दाबला की बोट आत जातं.' हे माझं वाक्य. माझ्या वहीत त्याची नक्कल आहे, त्यामुळे 'तूच नाही का लिहिलंस' हे मला पुन्हा ऐकवू नकोस. मी 'एकाला' लिहिलं होतं. या सोमवारी आईला सांगताना तू त्याचं 'आता सगळेच गेले' केलंस.

मला हे कळलं कसं, तर आईनं माझं सांत्वन करायला फोन केला म्हणून! मंगळवारी दुपारी मी प्रयोगशाळेत पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होतो. फोन उचलला तर आईचा आवाज मुद्दाम हलका केलेला, लहानपणी आपल्याला परीक्षेत कमी गुण पडले की करायची तसा. "अरे, ताईनं सांगितलं मला. मनाला लावून घेऊ नकोस हं." मला काही कळेना. "जुनेच होते रे ते कंद. त्यांनी तरी किती वर्षं फुलायचं? तुझ्या हातून काही झालेलं नाही." मग थोडं थांबून, "आता एक कर. तळं बुजवून टाक. नुसतं पाणी राहिलं तर डास होतात. आणि माझे ते रबरी बूट कुणाच्या पायात होत असतील तर देऊन टाक." इतकी वर्षं तिनं त्या बुटांना कुणाला हात लावू दिला नाही. तू एकदा कॉलेजात असताना पावसात घालून गेलीस तर दोन दिवस बोलली नव्हती तुझ्याशी. ती बाई सांगते, देऊन टाक.

ताई, तुला कळतंय का तू काय केलंस? ती तुझ्याकडे सहा महिने राहिली ती 'थंडी सरली की जाईन' या एका वाक्यावर. आणि थंडी सरल्याची तिची खूण एकच, कंद घरातून तळ्यात जायचे. तू तिला घरी जायला मनाई केली असतीस तर ती भांडली असती. तू नुसतं जाण्याचं कारणच काढून घेतलंस. भांडायला समोर कुणी उरलंच नाही. उलट तिलाच वाटलं की दुःख झालंय ते मला, आणि आपण समजूतदारपणा दाखवायला हवा. न मेलेल्या झाडांसाठी माझ्या आईनं माझे डोळे पुसले. याची मला इतकी चीड आली की मी त्या दुपारी एका बाटलीवर दुसऱ्याच विहिरीची चिठ्ठी लावली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

आणि ते कंद मी कसे जगवलेत हे तरी तू विचारायचंस. आपलं तळं उथळ, थंडीत तळापर्यंत गोठतं, म्हणून पानगळीत टब बाहेर काढून कंद ओल्या वाळूच्या खोक्यात, जिन्याखाली. एवढं मला ठाऊक होतं. पुढचं सगळं आईनं तुझ्या दिवाणखान्यात बसून दर रविवारी फोनवर शिकवलं. तू तेव्हा त्याच खोलीत असशील. खोकं उघडलं तर पाच काळी, केसाळ, आल्याच्या गड्ड्यांसारखी गाठोडी. मी म्हटलं, यातलं वर कुठलं आणि खाली कुठलं? ती म्हणाली, "नाक शोध. जिथून कोंब येतो ते नाक. नाक मातीच्या बाहेर. आपण पांघरूण घेतो तसं, डोक्यावरून नाही." मी पहिल्या दिवशी पाचही डोक्यावरून पुरले. मला वाटलं, खोल म्हणजे सुरक्षित. पुढच्या रविवारी तिनं विचारलं, नाकं दिसतायत ना? मी खरं ते सांगितलं. ती इतकी हसली की मागून तुझा आवाज आला, "आई, खोकला येईल." पाचही उपसून मी पुन्हा लावले. जड चिकणमाती, खत अगदी चिमूटभर, वर बारीक खडी, म्हणजे पाणी ओतलं की गढूळ होत नाही. पाणी नाकावर दोन बोटं. पान वर आलं की आणखी दोन बोटं. असं पायरीपायरीनं, म्हणजे देठ आपोआप लांब होत जातो आणि तळ्यात गेल्यावर झाड बुडत नाही. न्हाणीघर उबदार राहावं म्हणून तिथला हीटर मी एक अंशसुद्धा कमी केलेला नाही. स्वतः आंघोळ मात्र कोपऱ्यात उभा राहून, बगळ्यासारखी, करतो, कारण जमिनीवर जागाच नाही. शेजारचे निवृत्त पोस्टमनकाका एकदा हात धुवायला आत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "तुमच्याकडे आता पाहुणा आला तर पोहता यायला हवं."

तळ्याचं पाणी कोमट झालं की झाडं बाहेर न्यायची. आई कोपरापर्यंत हात घालून शंभर मोजते. हात आखडला नाही तर पाणी तयार. मी तापमापी लावतो. "हा जगाचं पाणी तपासतो आणि घरच्या पाण्यात हात घालायला घाबरतो," असं ती म्हणायची. सध्या पाणी सोळा अंशांवर आहे. अठरा हवेत, आणि आठवडाभर टिकायला हवेत. म्हणजे साधारण दहा दिवस. म्हणूनच ही घाई.

मंगळवारी मी तुला फोन केला. बाजूच्या खोलीत जा असं सांगून मगच बोललो, हे तू मान्य करशील. मी ओरडलो नाही. मी विचारलं, असं का सांगितलंस? तू म्हणालीस, "एक कुजला काय आणि पाच कुजले काय, शेवटी कुजणारच होते. तुला झाडं कधी जगवता आलीत?" हे ठीक, हे मी गिळलं. मग म्हणालीस, "तिला परत त्या काठावर गुडघे टेकून बसलेली बघायचंय का तुला? या वेळी कंबर मोडली, पुढच्या वेळी?" मी काही बोलणार तोच तू म्हणालीस, "ठेवते. मला तिला आंघोळ घालायची आहे." आणि ठेवलास.

ते शेवटचं वाक्य चार दिवस माझ्या डोक्यात आहे. मला ते तू टोमणा मारल्यासारखं वाटलं, आणि मग वाटलं, नाही, तू नुसती वेळ सांगत होतीस. साडेपाच वाजले होते. तुला खरंच तिला आंघोळ घालायची होती. सहा महिने रोज साडेपाचला. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन आठवडे तू तिच्या खोलीत जमिनीवर झोपलीस, भावोजींनी संडासाला कठडे बसवून घेतले, आणि मी दर रविवारी फोनवर कंदांची नाकं मोजत होतो. हे मला दिसत नाही असं समजू नकोस. माझ्या वहीत मी दोन रकाने आखले, तू केलेलं आणि मी केलेलं, आणि माझा रकाना इतका आखूड निघाला की मी पान उलटलं.

पण ताई, सेवा केली म्हणून माणूस आपल्या मालकीचा होत नाही. इथे मी मागे हटणार नाही. आईची शुद्ध शाबूत आहे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला काठीनं जिने चढायची परवानगी दिली, हे मला आईनं सांगितलं, तू नाही. तुमच्या इमारतीच्या व्हरांड्यात ती रोज चाळीस फेऱ्या मारते, आणि मोजायचं साधन नाही म्हणून खिशात चाळीस बटणं ठेवते, एकेक या खिशातून त्या खिशात. पुस्तकबांधणीच्या दुकानात तीस वर्षं उभी राहून पानं मोजलेली बाई आहे ती. कशासाठी मारते फेऱ्या? तुमचा व्हरांडा बघायला? तिचे डोळे उघडे असताना तू तिच्या वतीनं ठरवलंस, आणि ते ठरवलेलंही तिला कळू दिलं नाहीस. तिला राग यायची संधीसुद्धा दिली नाहीस. मुलांना फसवून औषध पाजतात तसं. याला तू काळजी म्हणतेस. मी याला काय म्हणतो ते मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. पण त्या शब्दाची जागा मनात ठेवली आहे.

आता माझ्या 'बरं'कडे येतो. आईनं तळं बुजव म्हटलं तेव्हा मी तिला 'अगं, जिवंत आहेत!' असं ओरडून सांगायला हवं होतं. तीन शब्दांचं काम. मी 'बरं' म्हणालो. तुझ्या नावानं बोटं मोडण्याआधी हे मला तपासणं भाग होतं. पहिल्या दिवशी मी लिहिलं, तुला तोंडघशी पाडायचं नव्हतं म्हणून. वाचून बघितलं, खोटं वाटलं. दुसऱ्या दिवशी लिहिलं, धक्क्यानं सुचलं नाही. तेही अर्धंच. तिसऱ्या दिवशी कबूल केलं की क्षणभर मला हलकं वाटलं होतं. ती येणार नाही. म्हणजे तिचं उठणं-बसणं, औषधं, जिन्यावर कान लावून राहणं, यातलं काहीच माझ्यावर येणार नाही. घर असंच शांत, मी आणि माझी वही. हे लिहिताना लाज वाटली, पण तरी हिशोब पूर्ण होत नव्हता. कारण हलकं वाटणं क्षणभराचं होतं आणि माझी मिठाची गुळणी चार दिवस टिकली. मग आज सकाळी पाणी घालताना ते वाक्य आठवलं ज्यावर माझी जीभ खरी अडकली होती. तळं बुजव हे नव्हे. त्याच्या आधीचं. "तुझ्या हातून काही झालेलं नाही."

ती पडली त्या शनिवारी मी प्रयोगशाळेत होतो, असं आईनं तुला सांगितलं. पोस्टमनकाकांनाही सांगितलं, डॉक्टरांनाही. मी कधी सांगितलं नाही, पण खोडलंही नाही. मी घरात होतो. शनिवारी अर्धा दिवस असतो, मी एक वाजताच आलो होतो. ती तळ्याकाठी टब काढायला गेली होती. माती-पाण्यानं भरलेला टब एकट्यानं उचलायचा नाही, हा आपल्या घरचा नियम. टबाचा एक कान तिच्या हातात, एक बाबांच्या. बाबा गेल्यावर माझ्या. तिनं हाक मारली, "ये रे, धर." मी जेवणाच्या टेबलाशी लिहीत होतो. आमच्या साहेबांनी त्या आठवड्यात माझ्यावर अन्याय केला होता. काय, ते आता सांगायच्या लायकीचंही नाही. मी त्याबद्दल लिहीत होतो आणि लिखाण रंगात आलं होतं. रागाचं मला नेहमीच छान जमतं. मी म्हणालो, "आलो." पाचेक मिनिटांनी पुन्हा हाक आली. मी पुन्हा म्हणालो, "आलो आलो," आणि वाक्य पुरं केलं. मग आणखी एक वाक्य सुचलं, ते पहिल्याहून चांगलं होतं. तिसऱ्यांदा तिनं हाक मारली नाही. तिनं एकटीनं उचलला.

मी धावलो तेव्हा ती काठावर कुशीवर पडली होती, टब पायांशी आडवा. पहिलं वाक्य म्हणाली, "कंद तुटला का रे बघ." तेवढ्यात आवाज ऐकून कुंपणावरून पोस्टमनकाका आले, आणि माझं तोंड उघडायच्या आत तीच त्यांना म्हणाली, "हा आत्ताच आला बघा कामावरून. नशीब!" असं म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं. वेदनेनं ओठ पांढरे पडलेले, आणि तशातही ती माझी बाजू सावरत होती. मी गप्प बसलो. रुग्णवाहिकेत गप्प बसलो, तू आलीस तेव्हा गप्प बसलो, तू म्हणालीस "एकटी होती बिचारी, तिला आता एकटं ठेवायचं नाही" तेव्हाही. ती एकटी नव्हती, ताई. तू सहा महिने तळ्याला दोष देतेस, काठाला देतेस, तिच्या वयाला देतेस, आणि तुला तो द्यावाच लागला, कारण तुला कुणी खरं सांगितलं नाही. तिला तुझ्याकडे डांबून ठेवण्यामागची तुझी सगळी भीती माझ्या गप्प बसण्यावर उभी आहे. याचा अर्थ तुझं खोटं बरोबर ठरत नाही. मी ते दहा वेळा पडताळून पाहिलं. तुझ्यावरचा माझा राग जिथे होता तिथेच आहे. फक्त आता तो एकाच माणसावर नाही.

हे पत्र तुझ्या नावानं असलं तरी तुझ्या एकटीसाठी नाही. मोतीबिंदूमुळे आईला माझं अक्षर लागत नाही, तिला पत्रं तूच वाचून दाखवतेस. हेही दाखव. मोठ्यानं, 'प्रिय'पासून खाली सहीपर्यंत. पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीनं मी येतो, त्याच्या आत. मी तिला फोनवर काही सांगणार नाही. तुझ्या पाठीमागे सांगितलं तर तू केलंस तेच मी केल्यासारखं होईल. चार कंद जिवंत आहेत आणि टबाचा दुसरा कान धरायला कोण असतो आणि कोण नव्हतं, हे दोन्ही कळल्यावर ती जे म्हणेल ते. 'चल' म्हणाली तर घेऊन येतो आणि प्रयोगशाळेत सकाळची पाळी मागून घेतो. माझ्या भरवशावर राहायचं नाही असं म्हणाली, तर ते तिनं माझ्या तोंडावर म्हणावं. मी झाडं पोस्टमनकाकांना देईन आणि तळं स्वतः बुजवीन. एक मात्र मला पत्र लिहून झाल्यावर दिसलं आणि ते बदलायला मी पुन्हा सगळं उतरवून काढणार नाही. तुझं खोटं मी वर लिहिलं आणि माझं खाली. न्यायानं पाहिलं तर उलट हवं होतं. म्हणून वाचताना तुझ्या भागापाशी आवाज अडला, तर घोट घे, पण थांबू नकोस. तिथे थांबलीस, तर तिला फक्त तूच खोटं बोललीस एवढंच कळेल.

रागावलेला असला तरी तुझाच,
धाकटा